व्यावसायिक आरसी शर्यतपटू

रेडिओ-नियंत्रित (आरसी) छोट्या मोटारींच्या शर्यतींवर ज्याचा चरितार्थ पूर्णपणे किंवा निदान काही अंशी चालतो असा चालक. घरोघरी जिला ‘रिमोटची गाडी’ म्हणतात तिची आणि शर्यतीच्या गाडीची भावकी दूरची आहे. खेळण्यातली गाडी बिघडली की माळ्यावर जाते. शर्यतीची गाडी शेवटच्या स्क्रूपर्यंत सुटी करता येते, आणि शर्यतपटूचा बराचसा वेळ ती सुटी करण्यात व पुन्हा जोडण्यातच जातो.

‘व्यावसायिक’ हा शब्द इथे जपूनच वापरावा लागतो. बक्षिसांच्या रकमेवर घर चालवणारा आरसी शर्यतपटू जवळजवळ सापडत नाही. बहुतेक मोठ्या स्पर्धांत हाती येतो तो चषक. पैसा येतो गाड्या, मोटरी, टायर, बॅटऱ्या आणि ट्रान्समीटर (हातात धरायचा रिमोट) बनवणाऱ्या कंपन्यांकडून, आणि तो नुसत्या जिंकण्यासाठी मिळत नाही. नवी गाडी बाजारात येण्याआधी ती तोडून पाहणे, काय चुकले ते अभियंत्याला नेमक्या शब्दांत सांगणे आणि शर्यतीच्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या हौशी गिऱ्हाइकाला ती नीट लावून देणे, ही सगळी त्याची नोकरी. खेळाडू आणि कारखान्याचा माणूस यांच्यामधली ही जागा आहे.

१९६०च्या दशकात युरोप-अमेरिकेत रेडिओवर चालणाऱ्या गाड्या हौशी कारागिरांच्या हातून आकार घेऊ लागल्या. अमेरिकेतील ‘रोअर’ ही या शर्यतींची संघटना १९६७ सालची. १९७६ मध्ये जपानच्या तामिया कंपनीने पोर्शे ९३४ ची विजेवर चालणारी प्रतिकृती विकायला काढली आणि हा छंद सामान्य घरांत शिरला. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या टीम असोसिएटेड या कंपनीची आरसी१० ही बग्गी (मातीवर, उड्यांवर धावणारी गाडी) आली, तिने मातीवरच्या शर्यतीचे स्वरूपच पालटले. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातील डेल मार येथे १/१० मापाच्या विद्युत ऑफ-रोड (मातीवरच्या) गाड्यांचे पहिले जागतिक अजिंक्यपद झाले. दोनच चाकांना मोटरीची गती मिळणाऱ्या (टू-व्हील ड्राइव्ह) गाड्यांत जे हॅल्सी आरसी१० घेऊन जिंकला, तर चारही चाकांना गती मिळणाऱ्या गाड्यांत गिल लोसी (धाकटा) योकोमोच्या गाडीवर. पुढे याच लोसी कुटुंबाने स्वतःच्या नावाची गाड्यांची कंपनी काढली. शर्यतपटूने पुढे कारखानदार होणे या क्षेत्रात नवलाचे नाही.

जागतिक पातळीवर या खेळाची सूत्रे ‘इफमार’ या महासंघाकडे आहेत. त्याखाली युरोपची एफ्रा, उत्तर अमेरिकेची रोअर, आशिया-पॅसिफिकची फेमका अशा विभागीय संघटना आहेत. गाड्यांची मापे १/१२, १/१०, १/८ अशी, म्हणजे खऱ्या गाडीच्या तेवढा हिस्सा. विजेवर चालणाऱ्या आणि नायट्रो इंधनावर चालणाऱ्या असे दोन मोठे गट आहेत. १/८ मापाच्या नायट्रो गाड्यांत मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचे मिश्रण ३.५ घन सेंमी.च्या इंजिनात जळते. १/८ बग्गीच्या जागतिक अंतिम शर्यतीचा वेळ एक तास असतो आणि इंधनाची टाकी अवघ्या १२५ घन सेंमी.ची. त्यामुळे दर काही मिनिटांनी गाडी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर, आणावी लागते. तिथे मेकॅनिक गाडी उचलतो, इंधन भरतो आणि परत सोडतो. हा माणूस पुष्कळदा चालकाचा बापच असतो. चौदा जागतिक विजेतेपदे मिळवणारा जपानचा मासामी हिरोसाका लहान वयापासून वडिलांना मेकॅनिक म्हणून सोबत घेऊनच शर्यती खेळला. त्याचे पहिले विजेतेपद १९८७ मध्ये इंग्लंडमधील रोम्से येथले. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता.

विद्युत गाड्यांची पात्रता फेरी साधारण पाच मिनिटांची असते. चालक ट्रॅकशेजारच्या उंच मचाणावर ओळीने उभे राहतात. प्रत्येक गाडीत ट्रान्सपाँडर (गाडीची ओळख पटवणारा छोटा संदेशक) असतो, रेषा ओलांडली की संगणक वेळ टिपतो. पाच मिनिटे संपली तरी ट्रॅकभोवतीची सुरू असलेली फेरी पुरी करायची असते, म्हणून निकाल ‘किती फेऱ्या, किती वेळात’ असा लिहितात. पात्रतेत वरचे दहा जण ‘ए मेन’ या अंतिम गटात जातात. तिथे बहुधा तीन शर्यती होतात आणि त्यांतल्या उत्तम दोन धरतात. एखादी शर्यत पहिल्याच वळणावर उलटून गेली तरी सगळे बुडत नाही.

उलटलेली गाडी सरळ करतो तो वळणावर उभा असलेला मार्शल. हे काम पगारी माणसांचे नाही. ज्याची शर्यत आताच संपली त्यानेच पुढच्या शर्यतीला मार्शल म्हणून उभे राहायचे, असा रिवाज आहे. विश्वविजेताही त्यातून सुटत नाही, आणि दांडी मारली तर नियमाप्रमाणे त्याचीच कामगिरी कापली जाऊ शकते. मचाणावरून दिसणारा वेग आणि वळणावर पायाशी येऊन आदळणारा वेग यांतला फरक नवख्याला पहिल्यांदा इथेच कळतो.

हाताचे कसब आधी एका साध्या अडचणीत अडखळते. गाडी दूर जात असते तेव्हा चालकाचे डावे ते गाडीचे डावे. ती वळून समोर येऊ लागली की सगळे उलटे. शिकाऊ माणूस इथे नेमका भिंतीत घुसतो. सरावलेल्याला डावे-उजवे आठवावे लागत नाही, तो मनाने गाडीतच बसलेला असतो. ट्रान्समीटर बहुधा पिस्तुलासारखा असतो: एका हाताच्या तर्जनीखाली ट्रिगर, दुसऱ्या हाताशी फोमचे छोटे चाक. ट्रिगर ओढला की वेग, पुढे ढकलला की ब्रेक. युरोपातले काही जण मात्र अजून दोन दांड्यांचा जुन्या घाटाचा ट्रान्समीटरच पसंत करतात. बग्गी उडीत असताना हवेतही चालवावी लागते. हवेत ट्रिगर ओढला तर चाकांच्या फिरण्याने गाडीचे नाक वर येते, ब्रेक दाबला तर खाली जाते. चांगला चालक या एका बोटाने गाडी उतारावर अलगद बसवतो.

पण शर्यत पुष्कळदा टेबलावर जिंकली जाते. धक्के शोषणाऱ्या शॉकमधल्या सिलिकॉन तेलाचा दाटपणा, पिस्टनची भोके, स्प्रिंग, डिफरन्शियलमधले (वळणावर डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरमधले) तेल, जमिनीपासूनची उंची, चाकांचा कल, टायरचे रबर आणि त्याच्या आतला फोम, यांतली एकेक गोष्ट बदलून पाहायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने काय झाले ते कळत नाही. हा धडा बहुतेकांना एक अख्खा रविवार वाया घालवल्यावरच मिळतो. पिटमधले लोक पहिला प्रश्न विचारतात तो टायरचा. ट्रॅक माती, कार्पेट, कृत्रिम हिरवळ की डांबर, यावर सगळे ठरते, आणि मातीचा ट्रॅक तर दुपारच्या उन्हात दोन तासांत निराळाच होऊन बसतो.

तंत्र बदलले तसे व्यवसायाचे गणितही बदलले. निकेल-कॅडमियमच्या काळात सहा सेल जोडून ७.२ व्होल्टची बॅटरी होई. सेल यंत्रावर मोजून, जुळवून विकत आणि सर्वांत दमदार सेल कारखान्याच्या चालकांकडे जात. घासून झिजणाऱ्या ब्रशांच्या मोटरी दर थोड्या फेऱ्यांनी लेथवर घ्याव्या लागत. लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या आणि ब्रशविरहित मोटरी आल्यावर ही दरी बरीच कमी झाली. आता तपासणीच्या टेबलावर १/१० मापाच्या सर्व गाड्यांची बॅटरी ८.४ व्होल्टच्या मर्यादेत आहे ना, एवढे पाहतात. रेडिओचेही तसेच. पूर्वी प्रत्येकाला स्वतःचा क्रिस्टल आणि त्याने ठरलेली वारंवारता असे; एकाने चुकून ट्रान्समीटर चालू केला की दुसऱ्याची गाडी बेभान सुटे. म्हणून शर्यत नसताना सगळे ट्रान्समीटर आयोजकांच्या ताब्यात ठेवत. वारंवारता आपोआप सांभाळणारे २.४ गिगाहर्ट्झचे रेडिओ आल्यावर तो धाक गेला.

प्रायोजकत्व पायऱ्यापायऱ्यांनी मिळते. क्लबात सातत्याने वरच्या क्रमांकावर येणाऱ्याला आधी सुट्या भागांवर सवलत मिळते. मग काही सामान फुकट. मग प्रवासखर्च. पगारी ‘फॅक्टरी ड्रायव्हर’ म्हणून घेतले जाणारे थोडेच. बाकीचे दुकान सांभाळतात, शिकवणी घेतात, व्हिडिओ बनवतात किंवा दुसरी नोकरी करून सुट्ट्या शर्यतींना देतात. कंपनीला हवा असतो तो नुसता वेगवान माणूस नव्हे; हरल्यावरही पिटमध्ये शांतपणे बोलणारा, सेटअपचा (गाडीच्या जुळणीचा) कागद स्वच्छ भरून सगळ्यांना देणारा माणूस तिला परवडतो. पोर्तुगालचा ब्रुनो कोएल्यो स्लोव्हाकियातील एक्सरे कंपनीच्या गाड्यांवर जगज्जेता झाला. देश कोणता, यापेक्षा चमू कोणाचा हे इथे आधी विचारतात.

भारतात, महाराष्ट्रासह, हा खेळ मुख्यतः हौशी गटांच्या आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या तंत्रमहोत्सवांच्या बळावर आहे. सामान बहुतांशी परदेशातून येते, आणि खेळण्यांवरील सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के, तर २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आले. याचा फटका किमतीपेक्षाही सरावाला बसतो. कॅलिफोर्नियातल्या ट्रॅकवर पुढचा सस्पेन्शन आर्म (चाक धरणारा दांडा) तुटला तर चालक तिथल्याच दुकानाच्या काउंटरवरून नवा घेतो आणि पुढच्या फेरीला उभा राहतो. इकडे तोच प्लास्टिकचा तुकडा यायला आठवडे लागतात, म्हणून शहाणा चालक गाडी घेतानाच आर्मचे दोन-तीन जोड जास्तीचे मागवून ठेवतो.