यंत्राचा काटा 1631 वर लावण्याआधी

इंदूरच्या राजवाड्यासमोर उभं राहून कुणी कालयंत्राचा काटा 1631 वर लावला, तर त्याला राजवाडा दिसणार नाही. होळकर माळव्यात आले ते जवळजवळ शंभर वर्षांनी. त्या काळी परगण्याचं ठाणं जवळच्या कंपेल गावी होतं आणि तिथल्या जमीनदारांनी इंदूरला वस्ती वाढवली ती अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. रात्रीच्या खाऊगल्लीचा सराफा नाही आणि साबुदाण्याची खिचडी तर नाहीच. तंबाखू मात्र मिळाली असती! ती विजापूरहून अकबराच्या दरबारापर्यंत केव्हाच पोचली होती.

तरीही कालप्रवासाच्या लेखकांना सतरावं शतक खुणावतं. एच. जी. वेल्सने 1895 साली माणसाला यंत्रात बसवून पुढच्या काळात पाठवलं. मागे जाऊन इतिहासाची दिशा बदलायची, ही कल्पनाही जुनीच. पण एरिक फ्लिंटच्या ‘1632’ (2000) या कादंबरीने एका माणसाऐवजी अमेरिकेतलं खाणकामगारांचं अख्खं गावच उचललं आणि मे 1631 मधल्या जर्मनीत, तीस वर्षांच्या युद्धाच्या ऐन वणव्यात नेऊन ठेवलं. मराठीत या धर्तीची सर्वांत गाजलेली कथा म्हणजे जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. ती अठराव्या शतकाची असली, तरी इतिहासातली एकच चूल बदलली की सगळा स्वयंपाक कसा बदलतो, हे त्यांनी मराठी वाचकाला पहिल्यांदा नीट दाखवलं, असं मला वाटतं.

सतराव्या शतकाची गंमत अशी की कागदपत्रं भरपूर आहेत. बखरी, शकावल्या (म्हणजे घटनांच्या तारीखवार नोंदी), बादशाहनामे, वखारीची पत्रं, प्रवाशांच्या रोजनिश्या, सगळं आहे. पण सगळ्यांचं घड्याळ एक नाही, आणि कालप्रवासाच्या कथेला तर तेच आधी लागतं. पोप तेराव्या ग्रेगरीने 1582 मध्ये 4 ऑक्टोबरनंतर थेट 15 ऑक्टोबर आणला. कॅथलिक देशांनी ते मानलं, प्रोटेस्टंटांपैकी बहुतेकांनी मानलं नाही, आणि इंग्लंडने 1752 पर्यंत जुनंच पंचांग चालवलं. त्यामुळे स्वीडनचा राजा गुस्ताव अडॉल्फ ल्युट्झनच्या रणांगणावर पडला तो दिवस 16 नोव्हेंबर 1632. स्वीडनमध्ये मात्र त्याची आठवण 6 नोव्हेंबरलाच काढतात.

हे दूरच्या युरोपातलं झालं. आता शिवजन्माकडे या. फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551 ही तिथी जेधे शकावलीत आहे आणि लोकमान्य टिळकांनी ती 1916 साली पुढे आणली. तोवर 1627 चा वैशाख सांगितला जाई. या तिथीची इंग्रजी तारीख म्हणून आपण 19 फेब्रुवारी 1630 लिहितो, पण ती ज्युलियन, म्हणजे पोप ग्रेगरीच्या आधीच्या जुन्या पंचांगाची आहे. आजच्या ग्रेगोरियन हिशेबाने तो दिवस 1 मार्च. म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरप्रमाणे 19 फेब्रुवारी लावून कुणी शिवनेरीवर उतरला, तर तो दहा दिवस आधी पोचेल. आकाशात अष्टमीच्या आसपासचा चंद्र, होळी अजून पेटायची, आणि जिजाऊंच्या दालनाबाहेर नुसती धावपळ.

याउलट मुमताज महल बुऱ्हाणपूरला वारली ती तारीख आपण 17 जून 1631 लिहितो आणि ती ग्रेगोरियन आहे. जुन्या इंग्रजी पुस्तकांत 7 जूनही दिसते. म्हणजे शाळेतल्या एकाच पुस्तकात सव्वा वर्षाच्या अंतराने येणाऱ्या या दोन तारखा दोन निरनिराळ्या पंचांगांच्या आहेत, आणि कालप्रवासी नायकाला याचा पत्ताच नसतो. लेखकालाही बहुधा नसतो.

बुऱ्हाणपूर आपल्या इंदूरला जवळचं. सिमरोलचा घाट उतरायचा, बडवाह, खंडवा करत असीरगडाच्या पायथ्याने पुढे जायचं. बंडखोर सरदार खानजहान लोदी आणि निजामशाही यांच्यावरच्या मोहिमेसाठी शहाजहानची छावणी तिथे पडली होती आणि नेमका तेव्हाच 1630-32 चा दुष्काळ दख्खन-गुजरातला जाळत होता. बुऱ्हाणपूर, सुरत, अहमदाबाद इथे लंगर उघडले गेले. बुऱ्हाणपुरात दर सोमवारी 5,000 रुपये वाटत. असं वीस आठवडे चाललं, असं दरबारी इतिहासकार लाहोरी नोंदवतो. ज्या छावणीने मुलुखातलं धान्य ओढून घेतलं, तिच्याच दारात हे दान. लाहोरी त्यावर काही बोलत नाही. पगारी इतिहासकार बोलणार तरी काय?

सुरतेहून आग्र्याला निघालेला इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर पीटर मंडी याच वाटेने गेला. रस्त्याकडेची प्रेतं त्याने लिहून ठेवली. पुढे आग्र्याहून पाटण्याला जाताना त्याला धान्याने लादलेले सुमारे 14,000 बैल घेऊन चाललेला बंजाऱ्यांचा तांडाही भेटला. एकीकडे उपासमार, दुसरीकडे चालतं-फिरतं कोठार. लिहिणाऱ्याला याहून चांगली जागा कुठे मिळणार?

महाराजांच्या चरित्राला हात लावायला मराठी लेखक कचरतो आणि ते समजण्यासारखं आहे. उद्या कथेत अफजलखान निसटला, तर परवा लेखकाला निसटावं लागेल. त्यापेक्षा तांड्याचा नाईक बरा. त्याने बैल बादशाही छावणीऐवजी दुसऱ्या गावाकडे वळवले, एवढ्यावर कादंबरी उभी राहते, आणि त्याच्या जन्मतारखेवरून कुणी भांडायलाही येणार नाही.