रिग्पा
रिग्पा हा तिबेटी शब्द, संस्कृत 'विद्या'साठी वापरलेला, पण विद्या म्हटलं की आपल्याला शाळा-कॉलेज आठवतं तसलं इथे काही नाही. तिबेटी बौद्धांच्या न्यिंग्मा परंपरेत झोगचेन नावाची शिकवण आहे (बोन या तिबेटातल्याच दुसऱ्या धर्मातही आहे), तिच्यात रिग्पा म्हणजे मनाची मुळातलीच लख्ख, उघडी जाणीव. ती न ओळखणं म्हणजे मारिग्पा, आपली ओळखीची अविद्या.

रोजचं मन वेगळं, त्याला 'सेम' म्हणतात. हे हवं, ते नको, हा आपला, तो परका, दिवसभर हाच हिशोब. रिग्पासाठी आरशाचं उदाहरण देतात. समोर फूल धरा नाहीतर चिखलाची चप्पल, आरसा फुलाने खूश होत नाही की चपलेने मळत नाही. अर्थात आरसा निदान हातात तरी धरता येतो, रिग्पा धरायला गेलं तर काहीच लागत नाही, आणि तरी सगळं दिसतंय, जाणवतंय, म्हणजे नुसती पोकळीही नाही. म्हणून तीन गोष्टी एकत्रच सांगतात: सार शून्य, स्वभाव प्रकाशाचा, आणि करुणा न अडता वाहणारी. चौदाव्या शतकातल्या लोंगचेनपा या न्यिंग्मा गुरूने (१३०८–१३६४) हे सगळं नीट मांडून ठेवलंय.

आपल्याकडचा वाचक लगेच म्हणणार, अरे हा तर आत्मा! जवळचं वाटतं खरं, पण झोगचेनवाले कायम टिकणारी 'वस्तू' मानायला तयार नाहीत, त्यांचा भर शून्यतेवर.

कूर्ग ट्रिपला आपण बायलकुप्पेचं जे 'गोल्डन टेंपल' बघतो ना, ते नामद्रोलिंग मठ याच न्यिंग्मा परंपरेचं. आत बुद्धाच्या शेजारी पद्मसंभवाची, म्हणजे न्यिंग्मावाले ज्यांना आपले आद्य गुरू मानतात त्यांची, भली मोठी सोनेरी मूर्ती आहे, बहुतेक जण फोटो काढून बाहेर पडतात.

रिग्पा कमवायची नसते, ओळखायची असते, आणि ती ओळख गुरूने करून द्यायची. कधी साध्या शब्दांत, कधी विचारांची माळ तोडायला अचानक जोरात 'फट्' म्हणून, हो तेच, आपल्या मंत्रांतलं फट्. विचार तुटला की मधे जे उघडं राहतं ते बघ, एवढंच. पण ते क्षणात निसटतं, पुढचा विचार येतोच, म्हणून तासन्‌तास ताणून बसण्यापेक्षा थोडा थोडा वेळ, पण पुष्कळदा, असं सांगतात.