सुधारित ड्रॉइंग ‘नवी फाइल’ म्हणून चढवू नका

आमची दस्तऐवज प्रणाली वापरणाऱ्या कारखान्यांसाठी माहितीपत्रक

‘सिस्टिममध्ये जुनंच ड्रॉइंग उघडतंय, बघा जरा.’ हा फोन आम्हाला सगळ्यात जास्त येतो, आणि तोही बहुधा जॉब मशीनवर चढल्यानंतर. तपासलं तर सर्व्हर ठीक असतो, नेटही ठीक असतं. त्या पार्टच्या दोन नोंदी झालेल्या असतात. एक मूळची, आणि दुसरी कुणीतरी घाईत ‘नवी फाइल’ हे बटण दाबून केलेली. हे पत्रक त्या एका बटणाविषयी आहे.

समजा, पार्ट नंबर ४५१२. रिव्हिजन ए, म्हणजे ड्रॉइंगची पहिली आवृत्ती, सिस्टिममध्ये आहे. कस्टमरने बोअरचा टॉलरन्स (भोकाच्या मापात चालणारा फरक) बदलून रिव्हिजन बी मेलवर पाठवली. ऑफिसातल्या माणसाने ती ‘४५१२ रेव्ह बी फायनल’ या नावाने चढवली. आपल्याला नाव वाचून कळतं की ही त्याच पार्टची पुढची रिव्हिजन आहे. सिस्टिमच्या लेखी मात्र तो सर्वस्वी वेगळा कागद. त्यामुळे रिव्हिजन ए ‘चालू’ शेऱ्यासह तशीच राहते. जॉब कार्डावरचा क्यूआर कोड मूळ नोंदीला जोडलेला असतो, तो रात्रपाळीच्या ऑपरेटरला जुनंच ड्रॉइंग दाखवतो. सकाळी इन्स्पेक्शनवाला पार्ट नंबर टाइप करून शोधतो, त्याला बी सापडते, आणि रात्रीचा सगळा लॉट बाजूला काढावा लागतो. यात ऑपरेटरचा काडीचाही दोष नसतो.

योग्य रीत अशी आहे. आधी पार्ट नंबर टाकून मूळ नोंद उघडा. ‘चेक आउट’ दाबा. नावापुढे कुलूप दिसेल, म्हणजे आता दुसऱ्या कुणाला त्यात बदल करता येणार नाही. मग ‘चेक इन’ दाबून ‘नवी आवृत्ती’ निवडा आणि कस्टमरची फाइल जोडा. समोर तीन रकाने येतात: रिव्हिजनचं अक्षर, कस्टमरच्या बदलपत्राचा नंबर आणि बदल लागू होण्याची तारीख. मंजुरी देणाऱ्याने ‘मंजूर’ केलं की लागू तारखेला रिव्हिजन ए वर ‘रद्द’ असा आडवा शिक्का उमटतो आणि तोच क्यूआर बी दाखवू लागतो. स्टिकर बदलावा लागत नाही. फाइलच्या नावात रिव्हिजन, तारीख, ‘फायनल’ असलं काहीही नको. नाव म्हणजे फक्त पार्ट नंबर, बाकीचं रकान्यांत.

लागू तारखेचा रकाना लोक मोकळा सोडतात. तो मोकळा राहिला की बदल मंजुरीच्या क्षणापासून लागू होतो. जुन्या रिव्हिजनचा लॉट संपवायला कस्टमरने परवानगी दिली असेल, तर चालू कामाचंच ड्रॉइंग मध्येच रद्द होईल. म्हणून कस्टमरला आधी विचारा, मग तारीख टाका. चेक आउट करून विसरणं हीसुद्धा नेहमीची अडचण. कुलूप चोवीस तास तसंच राहिलं तर तुमच्या अॅडमिनला आपोआप मेल जातो, आणि तो कुलूप काढू शकतो.

पूर्वी ड्रॉइंग एका कपाटात असायचं. ‘कंट्रोल्ड कॉपी’ असा लाल शिक्का मारून एकच माणूस ते द्यायचा आणि जुनं परत घ्यायचा. आता मेल मालकांच्या मोबाइलवर येतो, क्वालिटीवाला व्हेंडरकडे बसलेला असतो, प्रोग्रॅमर घरून काम करतो आणि शॉपफ्लोअरवर टॅब असतो. कपाटावरच्या त्या माणसाचं काम आता चेक इन आणि चेक आउट करतात. छापील प्रती मात्र आजही हातानेच गोळा कराव्या लागतात. आमच्या प्रत्येक प्रिंटच्या तळाशी छापल्याची तारीख आणि वेळ येते ती त्याचसाठी.

‘आम्हाला डिलीट का देत नाही?’ असं बरेच जण विचारतात. कारण ऑडिटमध्ये जुनी रिव्हिजनही दाखवावी लागते. आयएसओ ९००१:२०१५ या गुणवत्ता मानकाच्या कलम ७.५.३ मध्ये आवृत्त्यांवरचं नियंत्रण, जतन आणि विल्हेवाट हे सगळं येतं. वाहन उद्योगाला माल देणाऱ्यांसाठी असलेलं आयएटीएफ १६९४९ हे मानक आणखी पुढे जातं. कस्टमरच्या इंजिनिअरिंग बदलाचा आढावा सूचना मिळाल्यापासून कामाच्या १० दिवसांत व्हावा, आणि पार्ट मंजुरीचे कागद पार्ट उत्पादन व सर्व्हिसमध्ये असेपर्यंत, शिवाय वर एक कॅलेंडर वर्ष ठेवावेत, असं ते सांगतं. बदलपत्राचा नंबर आणि तारीख भरलेली असली की हा पुरावा एका क्लिकवर निघतो. म्हणून हे रकाने मोकळे सोडू नका.

ड्रॉइंग व्हॉट्सअॅपवर आलं, तर फोटो चढवू नका. ए३ कागदाची लांबी ४२० मिलिमीटर. ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपके) स्कॅनमध्ये अर्धा मिलिमीटरचा दशांशबिंदू सुमारे सहा पिक्सेल रुंद येतो. तोच कागद फोटोत आकसून १६०० पिक्सेलांवर आला, तर त्या बिंदूला जेमतेम दोन पिक्सेल उरतात. बिंदू पुसला की ०.०२ चं ००२ दिसतं आणि वाचणारा अंदाजाने ठरवतो. कस्टमरला ‘डॉक्युमेंट’ म्हणून पीडीएफ पाठवायला सांगा; तसं पाठवलं की फाइल आकसत नाही.

मराठी कार्यसूचनांबद्दल थोडं. श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण संगणकाच्या पोटात ती रोमन अक्षरं असतात, म्हणून शोधात सापडत नाही. आम्ही तो युनिकोडमध्ये करून देतो. ‘गोऱ्हे’सारखं नावही दोन प्रकारे टाइप होतं, दिसतं सारखंच, आमचा शोध दोन्ही एकच धरतो.

आधीच दुहेरी नोंदी झाल्या असतील, तर ‘अहवाल’मध्ये ‘एकसारखे पार्ट नंबर’ उघडा, यादी मिळेल. वार्षिक करार असलेल्यांच्या नोंदी आम्ही वर्षातून एकदा जोडून देतो, आणि नव्या माणसांना अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षणही त्यातच धरलेलं आहे. करार नसेल तर नोंदी मोजून आधी खर्च सांगतो, मगच काम सुरू करतो.

दुहेरी नोंद लक्षात येताच पहिलं काम म्हणजे मूळ नोंदीवर ‘थांबवा’ शेरा लावा, म्हणजे मशीनवर ते ड्रॉइंग उघडणार नाही. मग दोन्ही नोंदींचे क्रमांक घेऊन आम्हाला फोन करा. नव्या नोंदीतली फाइल स्वतःहून इकडेतिकडे हलवू नका. क्यूआर मूळ नोंदीवर आहे, जोडणी तिच्यातच करावी लागते, आणि दोन्ही नोंदी जागच्या जागी असल्या तर ते काम फोनवरच होतं.