क्लोरीन वाढला की मुरला? अवरक्त किरणांनी स्थितांबर मोजण्याची पार्श्वभूमी

जुलैत मुंबईतल्या प्रयोगशाळेत इन्फ्रारेडचं (अवरक्त किरणांचं) यंत्र चालवून बघा; कोणता पदार्थ कोणते किरण शोषतो ते यात वर्णपटातल्या रेषांवरून कळतं. नमुन्यासाठीची पोटॅशियम ब्रोमाइडची चकती हातात येईपर्यंत ओल धरून पांढुरकी होते. रिकाम्या यंत्राच्या पहिल्या स्कॅनमध्येच बाष्पाच्या रेषांची झुडुपं उगवतात आणि २३५० तरंगसंख्येपाशी (प्रति सेंटिमीटर) कार्बन डायऑक्साइडची जोडखाच दिसते. रसायनवाले हे सगळं वजा करतात. वातावरणवाल्यांना नेमकं तेच हवं असतं. दिवा म्हणून ते सूर्य घेतात.

हवेत मिथेन आहे हे १९४८ मध्ये सूर्याच्या वर्णपटातूनच कळलं. पुढे स्वित्झर्लंडमधल्या आल्प्सच्या युंगफ्राउयोखवर, सुमारे ३,५८० मीटरवर, दुर्बीण बसली, कारण बाष्प बहुतेक खालीच राहतं. आपल्या दमट किनाऱ्यावरून तेवढं स्वच्छ दिसणार नाही. १९७४ मध्ये सीएफसी (फ्रिज, फवारे यांतले क्लोरीनयुक्त वायू) स्थितांबरातला, म्हणजे हवेच्या वरच्या थरातला, ओझोन खातात हा धोका पुढे आला. ते फुटल्यावर त्यांचा क्लोरीन बराचसा हायड्रोजन क्लोराइडच्या रूपात राहतो, म्हणून हायड्रोजन क्लोराइडच्या रेषांना एकदम महत्त्व आलं. १९८५ मध्ये अवकाशयानातून सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळी हवेच्या कडेतून आरपार पाहून उंचीनुसार मोजणी झाली.

खरा गोंधळ ‘एकूण स्तंभ’ या शब्दाने केला. जमिनीवरून मिळतो तो स्तंभ: एक चौरस सेंटिमीटरच्या उभ्या नळीत, माथ्यापर्यंत, मिळून किती रेणू. कोणत्या उंचीवर हवेच्या अब्ज रेणूंत किती, हा वेगळा आकडा. सीएफसीवर बंधन घालणाऱ्या मॉन्ट्रियल करारानंतर क्लोरीन उतरणीला लागला होता, तरी २००७ नंतर काही वर्षं उत्तर गोलार्धात हायड्रोजन क्लोराइडचा स्तंभ चढत गेला. कुणी चोरून सीएफसी सोडतंय का, ही शंका रास्तच होती.

२०१४ मध्ये उत्तर आलं, आणि मला ते पटतं. सीएफसी वरच्या तीव्र अतिनील किरणांत फुटतं. हवा वर जितका जास्त काळ राहून मुरलेली, तितकं ते जास्त फुटलेलं आणि हायड्रोजन क्लोराइड जास्त. त्या वर्षांत उत्तरेकडचं हवेचं अभिसरण मंदावलं आणि अशी ‘वयस्क’ हवा स्थितांबराच्या खालच्या भागात साठली. क्लोरीनचा एकूण साठा वाढला नव्हता, त्याचं रूप बदललं होतं. दक्षिणेत घट चालूच होती. करार फसला म्हणणाऱ्यांनी गोलार्ध आणि उंची दोन्ही विचारात घ्यायला हवी होती.

उंची सांगतात उपग्रह. मार्च २००२ मध्ये गेलेला युरोपचा उपग्रह हवेचं स्वतःचं उत्सर्जन मोजायचा, त्यामुळे तो रात्रीही बघायचा. २००४ मध्ये त्याच्या सरकत्या आरशाने दगा दिला, पुढचं काम कमी पृथक्करणावर (रेझोल्यूशनवर) झालं आणि एप्रिल २०१२ मध्ये संपर्कच तुटला. कॅनडाचा उपग्रह ऑगस्ट २००३ मध्ये दोन वर्षांच्या बोलीवर गेला होता. दिवसाला जास्तीत जास्त तीसेक सूर्योदय-सूर्यास्त टिपत त्याने दोन दशकं ओलांडली आहेत.