ट्रॅव्हल ट्रेलर जोडलेल्या गाडीची बॅटरी उतरणे

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे पिकअप किंवा मोठ्या एसयूव्हीला हिचने जोडून ओढत न्यायचे चाकांवरचे घर. अमेरिका आणि कॅनडात सुट्टीच्या दिवसांत हायवेवर त्यांच्या रांगा दिसतात. ट्रेलरला स्वतःची १२ व्होल्टची बॅटरी असते. दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा तिच्यावर चालतात. प्रवासात ही बॅटरी आणि गाडीची बॅटरी एका वायरने जोडलेल्या असतात. गाडी बंद असताना ट्रेलरमधली उपकरणे त्याच वायरवाटे गाडीची बॅटरी खाली करतात आणि सकाळी चावी फिरवली की स्टार्टर नुसता टकटक करतो. आपल्याकडे अशा वेळी चार जण बोलावून धक्का मारतात. ट्रेलर ओढणाऱ्या गाड्या मात्र बहुतेक ऑटोमॅटिक गिअरच्या, त्यामुळे जंपर केबल शोधण्यावाचून इलाज राहत नाही.

उत्तर अमेरिकेत गाडी आणि ट्रेलर सात पिनांच्या प्लगने जोडतात. कडेने सहा चपटी पाती, मधोमध एक गोल पिन. टेललाइट, डावा-उजवा इंडिकेटर, ट्रेलरचे इलेक्ट्रिक ब्रेक, रिव्हर्सचा दिवा आणि अर्थिंग यांच्या जोडीला एक पाते १२ व्होल्टच्या चार्जिंग लाइनचे असते. तिची वायर सहसा काळी असते, पण रंगावर विसंबण्यापेक्षा मीटर लावलेला बरा. काही गाड्यांत ही लाइन रिलेवरून, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचवरून, येते आणि चावी काढली की मरते. काहींत ती चोवीस तास जिवंत असते. आपली गाडी कोणत्या प्रकारातली हे कळायला दोन मिनिटे पुरतात. इंजिन बंद करून, चावी काढून, थोडे थांबून गाडीच्या सॉकेटमध्ये चार्जिंगचे पाते आणि अर्थिंग यांवर मल्टिमीटरच्या पिना टेकवायच्या. साडेबारा व्होल्ट दिसले तर लाइन जिवंत आहे. हे आधी न बघता महागडी साधने घेणाऱ्यांची संख्या कमी नाही.

लाइन जिवंत असेल, तर गाडी बंद असताना दोन्ही बॅटऱ्या म्हणजे तळाशी पाइपने जोडलेल्या दोन टाक्या. एकीतले पाणी काढले की दुसरीची पातळीही उतरते. शिसे-आम्लाच्या पूर्ण भरलेल्या बॅटरीवर विसाव्यात साधारण १२.६ ते १२.७ व्होल्ट दिसतात, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ म्हणजे जवळजवळ रिकामी. आकडे जवळजवळ असल्याने फसगत होते.

सर्वांत खादाड उपकरण म्हणजे फ्रिज. १९२२ साली स्वीडनमध्ये बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोघा विद्यार्थ्यांनी शोधलेला, कॉम्प्रेसर नसलेला उष्णतेवर चालणारा फ्रिज ट्रेलरांत वर्षानुवर्षे वापरात आहे. तो प्रोपेन गॅसवर चालतो, बाहेरच्या १२० व्होल्टवर चालतो आणि अनेक मॉडेलांत १२ व्होल्टवरही. हा तिसरा पर्याय विजेच्या शेगडीसारखा आहे: लहान फ्रिजही १० ते १५ अँपिअर ओढतो. जेवायला दोन तास गाडी थांबली आणि फ्रिज त्यावरच राहिला, तर १५ अँपिअरच्या हिशेबाने ३० अँपिअर-तास (एएच) गेले. पिकअपची बॅटरी ७० एएचच्या आसपास असते. त्यामुळे थांबताना फ्रिज गॅसवर न्यायचा किंवा सरळ बंद ठेवायचा. दार उघडले नाही तर दोन तासांत आतले दूध नासत नाही. पेट्रोल पंपावर मात्र गॅसची ज्योत विझवावीच लागते, आणि काही बोगद्यांत प्रोपेनला मनाई असते.

गाडी चालू असताना ट्रेलरची बॅटरी आपोआप भरते, हा समज अर्धाच खरा आहे. इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरपासून मागच्या बॅटरीपर्यंत १० गेजची वायर १२ मीटर गेली आणि परतीचा मार्गही तितकाच धरला, तर १० अँपिअरला जवळपास ०.८ व्होल्ट वाटेतच गळतात. अल्टरनेटरने १४.२ दिले तरी पोचतात १३.४. त्यातच फ्रिजही १२ व्होल्टवर लावला, की पोचलेली वीज तोच खातो आणि बॅटरीच्या पदरात फारसे काही पडत नाही. नव्या गाड्यांतले ‘स्मार्ट’ अल्टरनेटर इंधन वाचवण्यासाठी, गाडीची बॅटरी भरली की व्होल्टेज आणखी खाली आणतात. दिवसभर गाडी हाकूनही मुक्कामी दिवे मंद, याचे कारण बहुधा इथे सापडते.

उपायांतला सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे मुक्कामी पोचल्यावर प्लग उपटणे. फुकट आहे, आणि विसरलाही सहज जातो. प्लग जमिनीवर लोंबकळत न ठेवता, पात्यांवर पांढरी-हिरवी पूड धरणार नाही असा झाकून ठेवावा. ज्यांना आठवणीवर भरवसा नाही ते दोन्ही बॅटऱ्या आपोआप वेगळ्या ठेवणारा आयसोलेटर बसवतात. त्यातला डायोडचा प्रकार टाकीच्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हसारखा: वीज मागे जाते, पुढे येत नाही, मात्र साध्या डायोडमध्ये सुमारे ०.७ व्होल्ट खर्ची पडतात. व्होल्टेजवर चालणारा रिले साधारण १३.३ ला जोडतो आणि १२.८ ला तोडतो. पण स्मार्ट अल्टरनेटरने व्होल्टेज उतरवले की तो गाडी चालू असतानाच तोडून बसतो. डीसी-टू-डीसी चार्जर ट्रेलरच्या बॅटरीजवळ बसवतात. आलेले कमी व्होल्टेज तो चढवून देतो आणि उलटा प्रवाहही येऊ देत नाही. त्याला जाड वायर आणि दोन्ही टोकांना फ्यूज लागतात. ऑस्ट्रेलियात त्यासाठी ५० अँपिअरचा वेगळा अँडरसन प्लग बसवण्याची पद्धत आहे. युरोपच्या १३ पिनांच्या प्लगमध्ये कायम जिवंत लाइन ९ व्या पिनवर आणि चावीबरोबर चालू-बंद होणारी १० व्या पिनवर अशी विभागणी मुळातच असते.

ट्रेलरमध्ये लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आली की गणित उलटते. ती विसाव्यातही १३.३ व्होल्टच्या आसपास असते, म्हणून जोडलेल्या अवस्थेत तीच गाडीच्या बॅटरीत रिकामी होऊ लागते. शिवाय रिकामी असताना ती इतका प्रवाह खेचते की अल्टरनेटर तापतो. लिथियमवाल्यांना डीसी-टू-डीसी चार्जर ही चैन नाही.

गाडीच्या बॅटरीच्या काळजीत ट्रेलरची बॅटरी दुर्लक्षिली जाते, आणि धोका खरा तिच्यात आहे. ट्रेलर हिचवरून सुटला तर एक पिन खेचली जाऊन त्याचे ब्रेक आपोआप लागतात. अमेरिकेच्या संघराज्य नियमांत व्यावसायिक वाहनांसाठी ते किमान १५ मिनिटे धरून राहिले पाहिजेत अशी अट आहे. ही ताकद ट्रेलरच्याच बॅटरीतून येते. काही जण उतारावर हँडब्रेकसारखी ही पिन ओढून ठेवतात. दोन आसांच्या ट्रेलरमध्ये ब्रेक लावणारे चार विद्युतचुंबक, प्रत्येकी सुमारे ३ अँपिअर. ८० एएचची बॅटरी साडेतीन तासांत निम्मी. चाकाला लाकडी उटी लावली की वीज लागत नाही.

हिवाळ्यात ट्रेलर उभा करून ठेवणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. बॅटरी तोडणारा स्विच बंद केला तरी गॅस गळतीचा डिटेक्टर बऱ्याच ट्रेलरांत थेट जोडलेला असतो. ०.१ अँपिअर किरकोळ वाटतात. महिन्यात ७२ एएच होतात. उतरलेल्या बॅटरीतले आम्ल पातळ होऊन कॅनडाच्या थंडीत गोठते आणि खोके फुटते, म्हणून तिथले लोक ऋण टर्मिनलची वायरच काढून ठेवतात, किंवा बॅटरी भरून गॅरेजमध्ये आणतात.