दोन ॲस्ट्रो बॉय: एक खिशातला, एक टीव्हीपुढचा

मागच्या महिन्यात एका मित्राने दोन खोक्यांचे फोटो पाठवले आणि विचारलं, "यातला कुठला घेऊ? की दोन्ही एकच?" दोन्ही खोक्यांवर तोच पोरगा: डोक्यावर केसांची दोन टोकं, पायात लाल बूट, उघडी छाती. दोन्हींवर सेगा या जपानी गेम कंपनीचं नाव. अमेरिकेत दोन्ही गेम आले तेही एकाच महिन्यात, ऑगस्ट २००४ मध्ये. एक गेम बॉय ॲडव्हान्स या हातातल्या यंत्राचा 'ॲस्ट्रो बॉय: ओमेगा फॅक्टर', दुसरा टीव्हीला जोडायच्या प्लेस्टेशन २ चा नुसता 'ॲस्ट्रो बॉय'. गोंधळ न झाला तरच नवल.

त्या काळी रीत अशी होती की एखाद्या सिनेमावर किंवा कार्टूनवर गेम आला, की टीव्हीला जोडायच्या मोठ्या यंत्रावर, म्हणजे कन्सोलवर, खरा गेम आणि गेम बॉयवर त्याचीच चेपून बसवलेली आवृत्ती. त्यामुळे मित्राचाही समज तोच होता: प्लेस्टेशनवाला थोरला, गेम बॉयवाला त्याचा धाकटा भाऊ. प्रत्यक्षात हे दोघे भाऊ नव्हेतच. फार तर चुलत म्हणा. बनवणारे वेगळे, खेळण्याची पद्धत वेगळी, कथाही वेगळी.

आजोबा मात्र एकच. ओसामु तेझुका यांनी १९५१ साली ॲटम नावाचा यंत्रमानव मुलगा कागदावर आणला आणि पुढच्याच वर्षापासून 'तेत्सुवान ॲटम' ही त्याच्या नावाची मालिका सुरू झाली. १ जानेवारी १९६३ ला तो जपानी टीव्हीवर आला. तोच कार्यक्रम अमेरिकेत गेला तेव्हा त्याचं 'ॲस्ट्रो बॉय' असं बारसं झालं, म्हणून एकाच पोराची ही दोन नावं. मूळ कथेत ॲटमचा जन्म होतो ७ एप्रिल २००३ रोजी. तेझुका १९८९ मध्ये वारले, पण ही तारीख कोणी विसरलं नाही. बरोब्बर आदल्या दिवशी, ६ एप्रिल २००३ ला, जपानमध्ये पन्नास भागांची नवी ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून, मालिका सुरू झाली. आपले दोन्ही गेम त्या मालिकेच्या निमित्ताने निघाले.

गेम बॉयवाला गेम सेगाच्या हिटमेकर या विभागाने ट्रेझर नावाच्या छोट्या कंपनीबरोबर केला. आपल्यापैकी ज्यांनी लहानपणी टीव्हीला व्हिडीओगेम जोडून, कॅसेटमध्ये फुंकर मारून 'कॉन्ट्रा' खेळलाय, त्यांना ट्रेझरची ओळख अशी करून देता येईल: 'कॉन्ट्रा' काढणाऱ्या कोनामीतून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९९२ मध्ये ही कंपनी काढली. पडद्यावर एकाच वेळी खच्चून शत्रू, अवाढव्य बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटी उभे राहणारे मुख्य शत्रू, आणि त्यातही खेळणाऱ्याचा हात अचूक चालावा अशी रचना, ही यांची खासियत. 'ओमेगा फॅक्टर' त्याच घराण्यातला साइड-स्क्रोलिंग गेम आहे. ॲटम बाजूने दिसतो, पडदा सरकत जातो, वाटेत येईल त्याला ठोसा, लाथ किंवा बोटातून लेझर. काही लेव्हलमध्ये तो सरळ विमानासारखा उडत गोळ्या झाडतो. हवेत असताना जेटचा झटका मारून हव्या त्या दिशेला सटकता येतं. हे एकदा हाताला बसलं की बोटं थांबत नाहीत. आणि हो, कमरेखालच्या मागच्या बाजूने निघणाऱ्या मशीनगनसुद्धा आहेत. हसू नका, तेझुकांच्या मूळ चित्रांतच त्या तिथे आहेत. त्या चालवल्या की पडद्यावरच्या सगळ्यांचाच निकाल लागतो.

पण एवढ्यावर मी हा गेम डोक्यावर घेतला नसता. खरी करामत त्याच्या नावातच आहे.

तेझुका आपल्या पात्रांना नटांसारखं वागवायचे. जुन्या संगीत नाटक मंडळ्यांत कसं, शनिवारी राजा झालेला नट रविवारी दुसऱ्या नाटकात सावकार म्हणून उभा राहायचा, तसं. भरघोस मिशांचे म्हातारबुवा एका कथेत शाळामास्तर, तर दुसरीकडे खाजगी गुप्तहेर. रॉक नावाचा पोरगा आधी नायक असायचा, पुढे खलनायकीत रमला. लॅम्प नावाच्या खलपात्राच्या डोक्याला मागून खड्डा आहे आणि कधीकधी त्यात चक्क मेणबत्ती पेटलेली दिसते. हा सगळा संच तेझुकांनी शेकडो कथांमधून फिरवला. या पद्धतीला जपानीत 'स्टार सिस्टिम' म्हणतात.

'ओमेगा फॅक्टर' बनवणाऱ्यांनी हा संच केवळ सजावटीला मांडला नाही, खेळाचं इंजिन त्यावरच चालवलं. गेममध्ये 'ओमेगा फॅक्टर' याच नावाचा एक पडदा आहे, त्यावर चाळीसहून जास्त चेहऱ्यांच्या रिकाम्या जागा. ॲटम एखाद्याला भेटतो, त्याचं म्हणणं समजून घेतो, तेव्हा ती जागा भरते आणि त्याबरोबर एक गुण हाती येतो. तो गुण सहापैकी कशावरही लावा: आयुष्य, ठोसा, लेझर, गोळ्या, जेट किंवा सेन्सर. म्हणजे इथे ताकद शत्रूंना लोळवून वाढत नाही, ओळखी केल्याने वाढते. यंत्राला माणसाचं मन कळेल का, या प्रश्नाभोवती तेझुकांनी ॲटम रचला होता. त्याचं इतकं नेमकं भाषांतर बटणांच्या भाषेत झालेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. जपानी नावात तर 'ॲटमच्या हृदयाचं रहस्य' असं सरळच म्हटलंय.

आणि या ओळखी फक्त ॲटमच्या गोष्टीतल्या नाहीत. सर्जन ब्लॅक जॅक येतो. तीन डोळ्यांचा शाराकू येतो. अमरपक्षी फिनिक्सही येतो. आपल्याकडे तेझुकांचं नाव बऱ्याच जणांना त्यांच्या गौतम बुद्धावरच्या चित्रमालिकेमुळे माहीत असतं. तेवढीच ओळख असेल तर त्यांच्या उरलेल्या दुनियेत शिरायला हा गेम चांगला दरवाजा आहे.

आता प्लेस्टेशनवाला. हा सेगाच्याच सोनिक टीमने केला आणि जपानमध्ये मार्च २००४ मध्ये आला, म्हणजे डिसेंबर २००३ च्या गेम बॉयवाल्यानंतर तीन महिन्यांनी. थोरला समजला गेलेला हा गेम जन्माने धाकटा आहे! हा थ्रीडी आहे. ॲटम पाठमोरा दिसतो आणि आपण त्याला मेट्रो सिटीत मोकळं उडवतो. उंच इमारतींच्या मधून, हळूहळू वर, मग एकदम सूर मारून खाली. ते उडणं मला मनापासून आवडलं. पण शहरात करायला फारसं काही नाही. लपवलेली कार्डं गोळा करायची, आणि कथा पुढे न्यायची तर एका बॉसकडून दुसऱ्या बॉसकडे जायचं. लढाईत कॅमेरा नको तिकडे वळतो. शिवाय दोन-चार बैठकांत गेम संपतो. मालिका बघून आलेल्या लहान मुलाला दिवाळीच्या सुट्टीत पुरेल, याहून जास्त मी त्याच्याबद्दल म्हणणार नाही.

गेम बॉयवाल्यात दोष नाहीत असं नाही. २४० बाय १६० ठिपक्यांच्या पडद्यावर ट्रेझर इतकं काही कोंबतं, की गर्दी झाली की खेळ चिखलातून चालल्यासारखा मंदावतो. गेमच्या दुसऱ्या भागात त्याच त्या लेव्हल पुन्हा खेळाव्या लागतात, तेही कधीकधी कंटाळवाणं होतं. बॉस तर काही ठिकाणी अक्षरशः घाम काढतात.

एक सापळा अजून आहे. २००९ मध्ये ॲस्ट्रो बॉयचा संगणकावर बनवलेला सिनेमा आला, त्यावरही गेम निघाला: 'ॲस्ट्रो बॉय: द व्हिडिओ गेम'. तोही बाजूने सरकणारा, तो पीएसपीवर, म्हणजे हातातल्या यंत्रावरही आला, आणि प्लेस्टेशन २ वरसुद्धा. त्याच्याशी सेगाचा संबंध नाही, तो डी३ पब्लिशर या दुसऱ्याच कंपनीचा. म्हणून कोणी नुसतं "पीएस२ चा ॲस्ट्रो बॉय" म्हणालं तर आधी साल विचारा. खोक्यावर सपाट, रेघांनी काढलेला ॲनिमेतला ॲटम असेल तर २००४ चा. सिनेमातला गुळगुळीत, बाहुलीसारखा चेहरा असेल तर २००९ चा.

मित्राने शेवटी गेम बॉयवाला घेतला. आठवड्याने मेसेज आला: "संपवला. पण हे काय, ॲटमच मेला की! फुकट गेली मेहनत." मी त्याला विचारलं, बंद करण्याआधी पुढे फिनिक्स आला का? नाही म्हणाला, त्याने रागाने तिथेच बंद केला होता. गेमचे दोन भाग आहेत, पहिला 'जन्म' आणि दुसरा 'पुनर्जन्म'. फिनिक्स ॲटमला उठवतो, काळात मागे-पुढे जायची शक्ती देतो, आणि मग जुन्याच लेव्हलमध्ये परत जाऊन, आधी हुकलेल्या माणसांना गाठून, घडून गेलेलं बदलायचं असतं. चेहऱ्यांच्या त्या पडद्यावर त्याच्या अजून निम्म्या जागा रिकाम्या होत्या.