तक्त्यातल्या नको असलेल्या ओळी

षटकोनी डोक्याचा बोल्ट घ्या. आयएसओ ४०१४ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे एम ६ ला (म्हणजे ६ मिमी व्यासाच्या बोल्टला) १० चा पाना लागतो, एम ८ ला १३, एम १० ला १६ आणि एम १२ ला १८. (गॅरेजमध्ये १७ आणि १९ चे पाने दिसतात, ती जुन्या डीआयएन (जर्मन मानक) मापांची कृपा.) आकार तोच, फक्त आकडे बदलतात. मग दर मापाला नवं ड्रॉइंग कशाला काढायचं? एकच आकृती काढायची, मापांच्या जागी ए, बी, सी अशी अक्षरं टाकायची आणि शेजारी तक्ता मांडायचा. ही रीत संगणकाच्या कितीतरी आधीची. इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये स्क्रूच्या आट्यांची पद्धत सुचवली, तीही मुळात अशीच: कोन सगळीकडे ५५ अंश, आणि पुढे व्यासाप्रमाणे आकडे. अर्ध्या इंचाला इंचामागे १२ आटे, एक इंचाला ८.

ट्रेसिंगच्या काळात, म्हणजे पारदर्शक कागदावर शाईने ड्रॉइंग काढायचे तेव्हा, तक्त्यात कोणत्या ओळी असाव्यात हा प्रश्न वेगळा असा नव्हताच. ड्राफ्ट्समन हाताने लिहायचा, म्हणजे लागेल तेवढंच लिहायचा. एखादं माप बंद झालं की ब्लेडने शाई खरवडायची, आणि पुढच्या अमोनिया प्रिंटवर ती ओळ नाही.

सारख्या भागांना ‘कुटुंब’ मानायचा विचार कारखान्यात पक्का झाला तो ग्रुप टेक्नॉलॉजीमुळे, म्हणजे सारखे भाग गटाने बनवण्याच्या पद्धतीमुळे. लेनिनग्राडच्या सर्गेई मित्रोफानोव यांचं त्यावरचं पुस्तक १९५९ चं. पुढे जर्मनीत आखेनला हेर्बर्ट ओपिट्झ यांनी भागांना सांकेतिक क्रमांक देण्याची पद्धत बसवली: पाच अंक आकाराचे, चार पूरक. हेतू असा की जे भाग एकाच मशीनवर, जवळपास एकाच सेटिंगवर होतात ते एकत्र सापडावेत.

सॅम्युएल गाइसबर्गही लेनिनग्राडचेच; तिथून अमेरिकेत गेलेले गणितज्ञ. त्यांनी १९८५ मध्ये पीटीसी ही सॉफ्टवेअर कंपनी काढली आणि १९८८ मध्ये तिचं प्रो-इंजिनिअर, म्हणजे संगणकावर भागाचं मॉडेल घडवायचं सॉफ्टवेअर, बाजारात आलं. आज त्याचं नाव क्रिओ आहे, पण जुन्या डिझायनरच्या तोंडी अजून ‘प्रो-ई’च. त्याच्या फॅमिली टेबलमध्ये, म्हणजे एका भागाच्या सगळ्या मापांच्या तक्त्यात, मूळ भाग म्हणजे जेनेरिक, आणि खालची प्रत्येक ओळ म्हणजे एक इन्स्टन्स. खरा बदल झाला तो इथे. तक्ता ड्रॉइंगवरून उठून मॉडेलमध्ये जाऊन बसला. ओळ टाकणं फुकट झालं, म्हणून ओळी वाढल्या. चाचणीसाठी केलेलं माप, एका गिऱ्हाइकाने मागून सोडून दिलेलं माप, सगळं तिथेच राहतं. रिपीट रीजन (मॉडेलमधल्या ओळी ड्रॉइंगच्या तक्त्यात आपोआप भरणारी सोय) लावून तो तक्ता ड्रॉइंगवर आणला की हा गाळही सोबत येतो. नको त्या ओळी गाळणाऱ्या फिल्टरची गरज पडली ती यामुळे.

रिपीट रीजनला फिल्टर दोन तऱ्हांनी लागतो. एक, ओळीवर बोट ठेवून ‘ही नको’ म्हणायचं. दुसरा, नियम लिहायचा: इन्स्टन्सच्या नावात किंवा पॅरामीटरमध्ये (त्याच्या नोंदवलेल्या माहितीत) अमुक असेल तर दाखवू नकोस. पहिला सोपा, म्हणून सगळे तोच वापरतात. पण तो फक्त बोट ठेवलेल्या ओळींना ओळखतो. उद्या कोणी नवी ओळ घातली की ती निमूट ड्रॉइंगवर उमटते.

१९९५ मध्ये आलेल्या सॉलिडवर्क्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरची वाट वेगळी. तिथला डिझाइन टेबल म्हणजे सरळ एक्सेल शीट, त्यामुळे ड्रॉइंगवर नको त्या ओळी आणि रकाने एक्सेलमध्येच हाइड करायचे. त्यातही ‘डी१@स्केच१’ असली, सॉफ्टवेअरने मापांना दिलेली शीर्षकं लपवायला विसरलं की शॉपमधून फोन आलाच.

एका ठिकाणी बुशच्या (नळीसारख्या पोकळ भागाच्या) ड्रॉइंगवर बंद केलेलं माप असंच परत आलं होतं. व्हेंडरने इमानदारीत तेही करून पाठवलं, बिलासकट. त्यानंतर आम्ही नियमावर आलो: बाद इन्स्टन्सच्या नावाआधी ‘एक्स’ लावायचा, आणि ‘एक्स’ने सुरू होणारं काही ड्रॉइंगवर दाखवायचं नाही. ओळ मॉडेलमध्ये राहते, कारण ती एखाद्या जुन्या असेंब्लीत (अनेक भाग जोडलेल्या मॉडेलमध्ये) बसलेली असते. पुसली तर ती असेंब्ली उघडताना बोंब मारते. ‘एक्स’ लावायचं मात्र माणसालाच लक्षात ठेवावं लागतं, आणि तेही कधीकधी राहतंच.